मेकअप व्यावसायिक, मानधन हौशी

ड्रॅगवर, म्हणजे भडक मेकअप, विग आणि पोशाख चढवून बाई किंवा पुरुष बनून स्टेजवर रंगवायच्या प्रकारावर, सध्या जो वाद चाललाय तो ऐकून ऐकून कंटाळा आलाय, कारण दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एका बाजूचं म्हणणं असं की ड्रॅग हा बंडखोर प्रकार, अंधाऱ्या बारमध्ये जन्मलेला, त्याला करार, रेट-कार्ड, मॅनेजर, स्पॉन्सर चिकटले की त्यातला जीव गेलाच म्हणून समजा. दुसरी बाजू म्हणते, उशिरा येणं, विस्कटलेला विग, गाण्याचे शब्द पाठ नसणं हे लाड आता पुरे, प्रेक्षक टीव्हीवर काय काय बघून येतो, तेव्हा ड्रॅग क्वीन्सनी, म्हणजे बाईच्या वेषात उभं राहणाऱ्यांनी, प्रोफेशनल व्हायला शिकलं पाहिजे. म्हणजे भांडण कशावर, तर परफॉर्मरने बदलावं की बदलू नये. ज्याच्या स्टेजवर हे सगळं होतं, ज्याच्या गल्ल्यात त्या रात्रीचे पैसे पडतात, त्या क्लबने काय करावं याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझं मत सरळ आहे. नाईटक्लबमधलं ड्रॅग व्यावसायिक व्हायलाच हवं, फक्त व्यावसायिक व्हायचं राहिलंय ते क्लबचं, परफॉर्मर कधीच होऊन बसलाय.

या घोळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. हौशी, प्रायोगिक, व्यावसायिक अशी नाटकाची वाटणी आपण इतकी वर्षं करत आलोय की 'व्यावसायिक' म्हटलं की डोळ्यासमोर गल्ला येतो, आणि त्याचा थोरला भाऊ 'धंदेवाईक', तो तर लोक शिवीसारखाच वापरतात. आता एवढ्याशा शब्दात किती काय कोंबलंय बघा. काम सफाईने करणं, तेही व्यावसायिक. लोकांना रुचेल तेवढंच करणं, तेही व्यावसायिक. आणि केलेल्या कामाचे ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी मिळणं, दुखापत झाली तर कोणीतरी जबाबदार असणं, हेही व्यावसायिकच. बंडवाले मधल्या अर्थाला घाबरून आरडाओरडा करतात, सफाईवाले पहिल्या अर्थाचा आग्रह धरतात, आणि तिसरा अर्थ बिचारा दाराबाहेर उभा. नाटकवाल्यांमध्ये 'नाईट किती?' हा प्रश्न विचारताना कोणाला लाज वाटत नाही, एका प्रयोगाचे पैसे म्हणजे नाईट, संपलं. ड्रॅगवाल्याने हाच प्रश्न विचारला की त्याची कला लगेच विकली कशी जाते?

पहिल्या अर्थाबद्दल म्हणाल, तर एका नंबरमागे, म्हणजे एका गाण्यावरच्या सादरीकरणामागे, काय असतं ते बघा. गाणं साडेतीन-चार मिनिटांचं. त्याआधी खऱ्या भुवया ग्लू-स्टिकने चपट्या बसवायच्या, वर पावडर दाबायची, मग कपाळावर नव्या भुवया काढायच्या, कॉन्टूर, पापण्या, यात हात बसलेल्या माणसाचेही दोन तास जातात आणि नवख्याची अख्खी संध्याकाळ. फोम कापून स्वतः घडवलेलं पॅडिंग, त्यावर टाइट्सचे थर, वर कॉर्सेट, वर ड्रेस, डोक्यावर चिकटवलेला लेस-फ्रंट विग, आणि हे सगळं अंगावर घेऊन नाचायचं, तेही श्वास लागलाय हे न दाखवता. गाण्याचा मिक्स स्वतः कापलेला, कुठला डायलॉग कुठे घुसवायचा, कुठे बीट तोडून हशा काढायचा हे रात्ररात्र बसून ठरवलेलं. पोस्टर स्वतःच बनवायचं, स्वतःच सगळीकडे फिरवायचं. होस्टिंग असेल तर प्यायलेल्या गर्दीला दोन-तीन तास धरून ठेवायचं, दोन नंबरांमधली रिकामी जागा भरायची, कोणी वाह्यातपणा केला तर त्याला असं झोडायचं की बाकीचे हसले पाहिजेत आणि तो मात्र मारामारीवर उतरता कामा नये. लेखक, शिंपी, रंगभूषाकार, नर्तक, एडिटर, जाहिरातवाला, सूत्रधार, सगळं एकच माणूस. आणि तो कपडे कुठे बदलतो? कित्येकदा टॉयलेटमध्ये, नाहीतर क्रेट रचून ठेवलेल्या स्टोअररूममध्ये. स्टेजवर सांडलेलं ड्रिंक पुसायला कोणी नसतं, त्याच ओल्या फरशीवर उंच टाचांनी नाचायचं आणि शेवटी टाळ्यांसाठी मुद्दाम पाठीवर धाडकन पडायचंही. पहाटे पैसे मागायला गेलं की 'आज गर्दी कमी होती ना' हे ऐकायचं. आता यात अनप्रोफेशनल कोण?

हा विषय निघाला की मराठीत कोणीतरी हमखास बालगंधर्वांना मध्ये आणतोच. खरं तर स्त्रीपार्ट आणि ड्रॅग एक नव्हे, स्त्रीपार्टात समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं असा खटाटोप असतो, ड्रॅगमध्ये बहुतेकदा प्रेक्षकाने ते अजिबात विसरू नये यातच मजा असते, पण ते असो. आठवण काढायचीच तर अर्धी का काढता? शालू आठवतो, गाणं आठवतं, पण 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी ही एक चालती संस्था होती हे आठवत नाही. पगारी नट, साथीदार, कपडेपट सांभाळणारी माणसं, तालमी, बिऱ्हाड. भामिनीचा शालू इस्त्री करून, तबलजीला फोन करून, मग प्रयोगाची जाहिरात लिहून बालगंधर्व स्टेजवर येत नव्हते. पुढे हौसेपायी खर्चाचा हिशोब सुटला आणि मंडळी कर्जात रुतली, तेही तितकंच खरं, म्हणजे एवढ्या मोठ्या गळ्यालासुद्धा वही लिहिणारा माणूस लागत होता.

आता बंडवाल्यांची लाडकी कथा, की ड्रॅग पैशापासून लांब होतं आणि हल्लीच बाजारात बसलं. ज्युलियन एल्टिंज हे नाव ऐकलंय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकन व्हॉडव्हिलमधला, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या मिश्र कार्यक्रमांमधला, स्त्रीवेषधारी नट, त्या काळच्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या कलाकारांपैकी एक. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या 42व्या स्ट्रीटवर त्याच्या नावाचं थिएटर उभं राहिलं. सौंदर्याच्या टिप्स देणारं मासिक त्याच्या नावाने निघायचं, त्याच्या नावाची कोल्ड क्रीम विकली जायची. आजच्या क्वीनने स्वतःच्या नावाची लिपस्टिक काढली की जे नाक मुरडतात त्यांना शंभर वर्षं उशीर झालाय. 1936 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला फिनोकिओज हा क्लब तर पर्यटकांवर चालायचा, आणि चालला किती, तर 1999 पर्यंत. 1939 मध्ये मायामीत निघालेला ज्युएल बॉक्स रिव्ह्यू ही चक्क दौरे करणारी कंपनी होती, गोरे-काळे कलाकार एकाच स्टेजवर, तेही त्या काळात, आणि 1955 पासून तिची सूत्रधार होती स्टॉर्मे डेलार्वरी, पुरुषी सूट घालून उभी राहणारी. आता या कंपनीला तुम्ही बंड म्हणाल की धंदा? मला तर दोन्ही एकाच खिशात दिसतात.

बंडाची बाजू मी उडवून लावत नाहीये, तिच्यात दम आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लॅक कॅट बारमध्ये होझे सारिया रविवारी ऑपेराची विडंबनं करायचा आणि त्याच गर्दीला सांगायचा की लपू नका, एकत्र या. 1961 मध्ये तो शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या सभेच्या, निवडणुकीला उभा राहिला, उघड समलिंगी असलेला माणूस, आणि पाच हजारांवर मतं घेतली. लंडनच्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्नवर 1987 मध्ये पोलिसांनी रबरी हातमोजे घालून छापा टाकला, एड्सची भीती होती म्हणून हातमोजे, आणि तेव्हा आत लिली सॅव्हेज या आपल्या ड्रॅग पात्राच्या रूपात पॉल ओ'ग्रेडी होता. हे सगळं कुठल्याही रेट-कार्डात बसत नाही, मान्य. पण जरा जवळ जाऊन बघा. सारिया त्या बारमध्ये कामाला होता, वेटर म्हणून. ब्लॅक कॅटची मोठी कोर्टाची लढाई, जी 1951 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात जिंकली गेली, ती कशावर होती? बारच्या परवान्यावर. समलिंगी गिऱ्हाईक येतं एवढ्यावरून परवाना काढून घेता येणार नाही, हा तो निकाल. आणि ओ'ग्रेडी त्या टॅव्हर्नमध्ये वर्षानुवर्षं नेमाने शो करत होता म्हणूनच त्या रात्री तिथे होता. बंडाला जागा लागते, जागेचं भाडं लागतं, दर आठवड्याला त्याच वेळी उघडणारं दार लागतं. रोजीरोटीचा हा सांगाडा नसता तर बंड उभं कशावर राहिलं असतं?

बंडवाल्यांचा सगळ्यात जड मुद्दा वेगळाच आहे आणि तो ते स्वतः नीट मांडत नाहीत याचं मला नवल वाटतं. कागद आला की कागद तपासणारा येतो. न्यूयॉर्कमध्ये 1940 ते 1967 नाईटक्लबमध्ये काम करायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं, बोटांचे ठसे देऊन. जॅझ गायिका बिली हॉलिडेचं कार्ड गेलं, जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचं 1951 मध्ये गेलं ते 1957 पर्यंत परत मिळालं नाही, ऐन उमेदीची सहा वर्षं त्याच्या शहरातले क्लब त्याला बंद. 'व्यवसायाचं नियमन' या गोंडस नावाखाली हे चालायचं. एल्टिंजचंच पुढे काय झालं ऐका. ज्याच्या नावाचं थिएटर होतं, त्याला 1940 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नाईटक्लबात पोलिसांनी बायकी कपडे घालायला मनाई केली, तर तो साध्या पुरुषी पोशाखात उभा राहिला, शेजारी आपले गाऊन टांगून, आणि ते घालून जे केलं असतं ते नुसतं सांगत राहिला. पुढच्याच वर्षी तो गेला. हे जुनं झालं असं वाटत असेल तर 2023 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने सार्वजनिक जागी किंवा मुलांसमोर मनाई असलेल्या 'ॲडल्ट कॅबरे'च्या व्याख्येत स्त्री-पुरुषवेषधारी कलाकारांना घातलं, त्याच वर्षी जूनमध्ये एका फेडरल न्यायाधीशाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, 2024 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, तोही एवढ्याच मुद्द्यावर की दावा लावणाऱ्यांना तो लावायचा अधिकारच पोचत नाही. तेव्हा ड्रॅगवाल्यांना नोंदणी, लायसन्स, सरकारी यादी असलं काही ऐकलं की अंगावर काटा येतो, तो उगाच नाही.

पण परवाना आणि करार यात फरक आहे की नाही? परवाना वरून येतो आणि वरून काढून घेता येतो. करार दोघांमध्ये होतो, त्याची एक प्रत परफॉर्मरच्या बॅगेत असते. मंककडे कार्ड होतं, ते पोलिसांनी घेतलं. मंककडे शो रद्द झाला तर क्लबने अर्धे पैसे द्यायचे असा कागद असता तर तो कोणी घेऊ शकलं असतं का? ड्रॅगला नोंदणीची गरज नाही, कोण 'खरी' क्वीन हे ठरवणाऱ्या कमिटीची तर त्याहून नाही. एक पान पुरे. नाईट किती, आगाऊ किती, शो रद्द झाला तर किती, कपडे बदलायला कडी लागणारी खोली, प्रेक्षकाने अंगाला किंवा विगला हात लावला तर सिक्युरिटी काय करणार, टिप्स कोणाच्या, आणि क्लबने काढलेला व्हिडिओ पुढे जाहिरातीत वापरला तर त्याचे पैसे वेगळे की नाही. एवढ्याने कुठल्या बंडाचा गळा दाबला जातो ते मला कोणी दाखवून द्यावं.

टीव्हीने ड्रॅग चकाचक आणि एकसाची केलं, ही दुसरी तक्रार, आणि ती बरीचशी खरी आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकन ड्रॅग क्वीन रुपॉलची ड्रॅग क्वीन्ससाठीची टीव्ही स्पर्धा सुरू झाली, त्यानंतर प्रेक्षकाच्या डोळ्याला एक माप बसलं, तसाच कंबरेचा कट, तसाच विग, तशाच उड्या, आणि जे त्या मापात बसत नाही, म्हणजे दाढी ठेवून येणारे, विद्रूप दिसण्यातच ज्यांची कला आहे असे, पुरुषी वेषातले ड्रॅग किंग, त्यांना बुकिंग कमी. पण हे कशामुळे होतं त्याचा विचार करा ना. टीव्हीवरचं नाव आलं की क्लब मोठी रक्कम काढतो, आणि त्याच रात्री त्याच स्टेजवर आधी नाचणाऱ्या स्थानिक मुलीमुलांना टिप्सवर भागवा म्हणतो. मग टिप्सवर जगणारा माणूस काय करेल? जे गर्दीला ओळखीचं, तेच करेल. प्रयोग करायला मागे काहीतरी आधार लागतो, एखादा नंबर पडला तरी या महिन्याचं भाडं निघेल इतका तरी. एकसाचीपणा करारातून आला असं म्हणणारे गाडी घोड्याच्या पुढे जोडतायत, तो आलाय बिनकराराच्या जगण्यातून.

इथे माझ्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एस्थर न्यूटन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी साठच्या दशकात अमेरिकेतल्या ड्रॅग कलाकारांमध्ये राहून अभ्यास केला, तो 1972 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसतं की तेव्हा स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्यांना मान होता आणि रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवणं खालच्या दर्जाचं समजलं जायचं, आणि ते पसरत होतं त्याला एक कारण म्हणजे बारमालकाला ते स्वस्त पडायचं, वादक नकोत, काही नको. म्हणजे आज ज्याला आपण ड्रॅगचा आत्मा समजतो ते लिप-सिंक काही अंशी मालकांच्या कंजूषपणाचं अपत्य आहे! मग विरोधक म्हणतील, बघा, पैसे कमी होते म्हणूनच कला फुलली. हो, फुलली. पण या न्यायाने प्रत्येक कलाकाराला उपाशी ठेवलं पाहिजे, नवीन काय उगवतंय ते बघायला. त्यांनी टंचाईतून काहीतरी केलं याचं श्रेय त्यांचं आहे, ते टंचाई करणाऱ्याच्या खात्यात का जमा करायचं? आणि पैसे नव्हते म्हणून किती जणांनी चाळिशीत विग कपाटात ठेवून दिले त्यांचा हिशोब कोणी मांडलाय? गुडघे कायम साथ देत नाहीत. ज्यांचं करिअर लांबलं त्यांच्याकडे बघा, ब्रिटनमध्ये स्त्रीवेषधारी कलाकार डॅनी ला रूने साठच्या दशकात लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमध्ये स्वतःच्या नावाचा क्लबच चालवला, 2002 मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. प्रत्येकाने क्लब काढावा असं नाही, पण स्टेजवर आणि गल्ल्यावर दोन्हीकडे तुमचा शब्द असेल तर म्हातारपण वेगळं जातं.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. छोट्या बारला परवडत नाही. नवीन मुलांना स्टेज मिळतंय हेच खूप आहे, पैशांचा हट्ट धरला तर शो बंद होतील आणि नुकसान तुमचंच. यातलं एक मी बिनशर्त मान्य करतो, नवख्यांसाठी ओपन स्टेज असायला हवं, पहिल्यांदा टाचा घालून लडखडणाऱ्या पोराकडे लगेच करार मागू नये आणि त्यानेही मागू नये. पण दारावर तिकीट आहे, पोस्टरवर त्याचा फोटो आहे, त्याच्यामुळे दोन तास बार भरलेला आहे, तर ते ओपन स्टेज उरलं का?

आणि हे भांडण आधी एकदा होऊन गेलंय, ड्रॅगमध्ये नाही, स्टँडअपमध्ये. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअरमध्ये 1979 पर्यंत विनोदवीरांना एक छदाम मिळायचा नाही. वेटरला पगार, बारटेंडरला पगार, पार्किंगवाल्यालासुद्धा काहीतरी, फक्त ज्याला ऐकायला लोक यायचे त्याला शून्य. मालकीणबाई मिट्झी शोअर यांचं म्हणणं, ही शाळा आहे, इथे तुम्ही शिकता, एजंट तुम्हाला बघायला येतात, पैसे कसले? ड्रॅगवाल्यांना आज जे सांगतात तेच, शब्द इकडचे तिकडे. मार्चमध्ये संप सुरू झाला, जे लेनो आणि डेव्हिड लेटरमनसारखे पुढे मोठे झालेले लोकही बाहेर फलक धरून उभे राहिले, आत जाऊन परफॉर्म करणारे फुटीरही होतेच. साधारण सहा आठवड्यांनी तोड निघाली, एका सेटला 25 डॉलर. म्हणजे फार नाहीच. पण आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं की 'हे काम आहे' असं मालकाला पहिल्यांदा कबूल करावं लागलं. संपात पुढे असलेल्या काही जणांना नंतर स्लॉट मिळेनासे झाले, हेही लपवायचं कारण नाही, आणि म्हणूनच ड्रॅगवाल्यांनी एकेकट्याने मालकाच्या केबिनमध्ये जाऊन नाईट मागू नये असं मला वाटतं, चार-सहा जणांनी मिळून एकच पान पुढे सरकवावं. त्याच शहरात 2023 मध्ये स्टार गार्डन या क्लबमधल्या स्ट्रिप डान्सर अशाच एकत्र आल्या आणि थेट नाट्यकलाकारांच्या इक्विटी युनियनमध्ये गेल्या. त्यांनाही सुरुवातीला लोक हसलेच असणार.

आणि परवडत नाही, शो बंद पडतील, या भीतीबद्दल सांगायचं तर कॉमेडी स्टोअर सनसेट बुलेव्हार्डवर अजून चालू आहे.